ताटीवरचं पाणी

नागपुरात पुन्हा ताट्या लागल्या. काल दुपारी सिव्हिल लाइन्समधून सायकलवर येत होतो. एका बंगल्यापुढे दोन बैलगाड्या उभ्या होत्या आणि माणसे गाडीवरून वाळ्याच्या ताट्या उतरवत होती. नव्याकोऱ्या, बांबूच्या चौकटीत वाळा गच्च बसवलेला. एकाने गंमत म्हणून ओंजळभर पाणी मारून पाहिले आणि रस्ताभर वास सुटला. माझ्याबरोबरचा मित्र थांबला, डोळे मिटून म्हणाला, "वा! आला बुवा उन्हाळा." मी थांबलो नाही. पुढच्या चौकापर्यंत पायडल मारत गेलो आणि तिथे सावलीत त्याची वाट पाहत उभा राहिलो.

उन्हाळ्यावर गोड गोड लिहिणाऱ्यांचा मला राग आहे. मोगरा, पन्हे, वाळ्याचे सरबत, गच्चीवरची झोप. लिहा, जरूर लिहा. पण ज्याच्या घरी गच्ची नाही, त्याचा उन्हाळा कोण लिहिणार? मी पत्रके लिहिणारा माणूस. ललित वगैरे मला जमत नाही. तरी एक उन्हाळा माझ्या अंगावर आहे, तो आज उतरवून ठेवतो.

पाच वर्षे झाली. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होती. आता राजधानी गेली, ताट्या राहिल्या.

आमचे गाव नागपूरपासून छोट्या गाडीने तीन-साडेतीन तासांवर. छोटी गाडी म्हणजे अरुंद रुळांची, चढ आला की उतारूंनी खाली उतरून शेजारून चालावे अशी. उन्हाळ्यात तिच्या खिडकीची लोखंडी पट्टी हाताला चटका देई. स्टेशनवर उतरले की आधी डोळे बारीक करायचे, डोक्याला दुपट्टा गुंडाळायचा, खिशात कांदा आहे की नाही चाचपायचे आणि मग पाय उचलायचा. सकाळी आठलाच ऊन पांढरे झालेले असे. नदीच्या रेतीतली डांगरे, म्हणजे खरबुजे, घेऊन येणाऱ्या बैलबंड्या बाजाराच्या वाटेवर दिसत. उन्हाने सालीला भेगा पडलेल्या, त्यांवर माश्या बसलेल्या आणि गाडीवान स्वतःच्याच मालाच्या सावलीत निजलेला. दहा वाजले की गावात हालचाल उरत नसे. कुत्री नालीत जाऊन पडत. गल्लीत बाजा टाकलेल्या, बाजांवर धोतरे, धोतरांवर कुरडया आणि चार कोपऱ्यांना चार दगड. गरम वारा आला की धोतराचे टोक फडफडे आणि आतून कोणीतरी ओरडे, "पाह्य वं, उडून राहिलं!"

आम्ही कोष्टी. आमच्या मोहल्ल्याला सगळे कोष्टीपुराच म्हणत. घराघरात माग, मागापुढे जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसलेला माणूस. उन्हाळ्यात पहाटेच माग सुरू होत, कारण ऊन चढले की सूत ऐकत नाही. ते वाळते, ताठ होते, हात जरा जोरात आला की तुटते. पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या मला सगळ्या गल्लीचा आवाज येई, खट् खट्, खट् खट्, आणि मध्येच त्यातला एक आवाज बंद पडे. आई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणे, "गोविंदाचं तुटलं." थोड्या वेळाने तो आवाज पुन्हा सुरू होई. खड्ड्यात पाणी शिंपडावे, ताण्याच्या उभ्या सुताखाली ओले फडके पसरावे, म्हणजे सूत नरम राहते. हा उपाय प्रत्येकाला माहीत होता. त्यासाठी पाणी लागते.

आणि पाणी नव्हते. कोष्टीपुऱ्याची विहीर चैत्रात एका दोराची असे. मग पाणी खाली जाई तसा बायका दोर वाढवत. हिच्या दोराला तिचा दोर, त्याला कोणाच्या तरी गाईचे दावे. गाठी हाताला लागत, तळव्यांची साले निघत. त्या वर्षी वैशाख अर्धा झाला आणि दोराला जोडायला काही उरलेच नाही. खाली चिखल होता. दोन बायका पायऱ्यांनी उतरून वाटीवाटीने घागर भरत, आणि वर उभ्या असलेल्या त्यांना घाई करत.

गावात दुसरी एक विहीर होती, जी कधी आटली नाही. कचेरीच्या आवारातली. इंग्रजांच्या वेळची, दगडाने बांधलेली, भोवती कडुनिंब. आवाराला लोखंडी फाटक. ते पाणी कचेरीचे. उन्हाळाभर त्याचे मुख्य काम एकच होते, साहेबांच्या आणि कारकुनांच्या खिडक्यांना लावलेल्या ताट्या ओल्या ठेवणे. सकाळी कचेरी उघडल्यापासून बंद होईपर्यंत एक माणूस विहिरीतून घागरी भरी आणि पत्र्याच्या डब्याने ताट्यांवर पाणी मारी. पुढून शेवटपर्यंत जाई, तोवर पुढची सुकलेली असे. मग पुन्हा पहिल्यापासून. बाहेरचा वारा ओल्या वाळ्यातून आत गेला की आत थंड आणि बाहेर वैशाख.

तो माणूस आमच्या शेजारचा होता. सदाशिव त्याचे नाव. मी त्याला सदूकाका म्हणे. साठीचा, लाकडासारखा, हाताच्या शिरा वर आलेल्या. हिवाळा-पावसाळा मागावर, आणि उन्हाळ्यात सूत साथ देईना की ताट्यांवर. अकरा उन्हाळे त्याने ते काम केले होते. पण गल्लीत त्याचा मान वेगळ्या गोष्टीसाठी होता. सदूकाका मोजण्यात चुकत नसे. लुगड्याच्या ताण्यात हजारांनी धागे असतात. कोणाचा काठ जुळेना, नक्षी सरकू लागली की सदूकाकाला हाक जाई. तो ताण्याशी उकिडवा बसे, बोटे चालवी, तोंडाने काही बोलत नसे आणि शेवटी म्हणे, "डाव्या अंगाले दोन धागे जास्ती हाय." उसवून पाहावे तर दोन निघत.

आणखी एक गोष्ट. संध्याकाळी कचेरी बंद झाली की सदूकाका तिथल्या विहिरीवरून कावड भरून आणी. दोन खेपा, कधी तीन. नाझराने होय म्हटले नव्हते, नाही म्हटले नव्हते. नाझर म्हणजे कचेरीतले सामानसुमान, शिपाई, रांजण, ताट्या सगळे ज्याच्या ताब्यात तो. फाटकावरचा शिपाई त्या वेळी विडी पेटवायला पलीकडे तोंड करी. कावड गल्लीत आली की आधी गोविंदाच्या सुनेला, कारण ती बाळंतीण होती. मग म्हाताऱ्यांच्या घरी. उरलेले ज्याच्या त्याच्या वाट्याला तांब्याभर. आमच्या घरची डाळ त्याच पाण्यात शिजे, आणि ती मी रोज खात होतो.

एवढे सगळे माहीत असताना मी जे केले ते केले.

मॅट्रिक होऊन मी नागपूरला आलो होतो. कॉलेजात नाव होते, पण बसत होतो एका छापखान्यात. आम्ही पाच-सहा जण पत्रके काढत असू. आमच्यातल्या थोरल्याने आम्हाला लिहायला शिकवले. वाक्य तोडा, विशेषणे काढा, पुरावा द्या, शेवटी मागणी करा. पुराव्याशिवाय लिहिलेला राग म्हणजे शिव्या, असे तो म्हणे. मला ते पटले होते. आजही पटते. उन्हाळ्यात गावी आलो, विहिरीत उतरलेल्या बायका पाहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीवरून जाताना ताट्यांवरून ओघळणारे पाणी पाहिले. ते भिंतीवरून उतरून खालच्या मातीत जिरत होते. तिथे हिरवेगार गवत उगवले होते. साऱ्या गावात तेवढेच हिरवे. माझे डोके भडकले. का भडकू नये? कोणाचेही भडकले असते.

संध्याकाळी सदूकाका ओट्यावर पाय चोळत बसला होता. मी शेजारी जाऊन बसलो.

"सदूकाका, दिवसाच्या किती घागरी जाते जी त्या ताट्यांवर?"

"काहून गा? तुले नाझर व्हायचं हाय का?"

"सांगा ना."

"पान्याले कोन मोजते बावा? सूत मोजा लागते."

"मंग मोजा ना एक दिवस. तुमच्यावानी मोजनारा गावात दुसरा कोन हाय?"

हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम टाकले. पत्रकात कोणता शब्द कुठे लागतो हे मला कळत होते, आणि माणसातही.

आत त्याची बायको पार्बताकाकू चूल फुंकत होती. ती तिथूनच बोलली, "मोजल्यानं विहीर भरते काय गा, वासू?" मी हसलो. सदूकाकाही हसला. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला तो हातात सुताचा एक तुकडा घेऊन. त्याला लिहिता येत नव्हते. दर दहा घागरींना एक गाठ मारली होती. त्याने गाठी बोटाखालून सारल्या, आकडा तीनदा सांगितला आणि मी तो तीनदा लिहिला. "पक्का हाय," तो म्हणाला. "कोनीबी येऊन पाहो."

तो आकडा मी इथे लिहिणार नाही. एकदा छापला, तेवढा पुरे.

'गवताला पाणी, माणसाला माती' हे पत्रकाचे शीर्षक. मला त्याचा भारी अभिमान वाटला होता. छोट्या गाडीने नागपूरला जाऊन मी ते छापखान्यात दिले. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा म्हातारा एका ओळीवर थांबला. ओळ अशी होती: 'हा आकडा ताट्यांवर पाणी मारणाऱ्यानेच मोजून दिला आहे.' त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"हा मानूस कोन, हे तिथी समजन ना जी?"

"नाव कोठी छापलं?" मी म्हणालो.

त्याने ओळ जुळवली. अजूनही मी पत्रके लिहितो, आणि अजूनही तोच म्हातारा खिळे जुळवतो. आता तो थांबला की मी ओळ काढून टाकतो. त्याने कारण सांगायची वाट पाहत नाही.

आणि एक लिहून ठेवतो. आमच्या कोष्टीपुऱ्याच्या विहिरीला पाणी होते तेव्हा तिच्यावर कोणाला पाणी भरू देत होतो आणि कोणाला उभेही राहू देत नव्हतो, हे मला माहीत होते. ते मी पत्रकात घातले नाही. पुरावा तर त्याचाही होता, माझ्याच दारासमोर. पण तो माझ्या घरावर आला असता.

रविवारच्या बाजारात मी पत्रके वाटली. डांगरांच्या ढिगापाशी एकाने मोठ्याने वाचून दाखवले. चहाच्या टपरीवर लोक हसले, गुडघ्यावर हात मारले. "वा रे पठ्ठ्या! कोष्ट्याचं पोट्टं साहेबाले नडलं." ऊन डोक्यावर असूनही मला उन्हाचे भान नव्हते. सगळी पत्रके संपली. एक घडी करून कोणीतरी कचेरीच्या फाटकातून आत टाकले. मी ते लांबून पाहिले. मला आनंदच झाला.

सोमवारी सकाळी आई दारातून म्हणाली, "सदूभावजीले नाझरानं बसवून ठेवलं म्हन्ते." तिचा आवाज अगदी साधा होता. मी चप्पल न घालता धावलो.

नाझराची खोली कोपऱ्यावर होती. आत शिरलो आणि अंधारी आली. ताटी ओली होती. घामेजलेल्या अंगाला थंड वारा लागला, वाळ्याचा वास आला, आणि खरे सांगतो, त्या क्षणी मला बरे वाटले. त्या बरे वाटण्याची लाज मी अजून बाळगून आहे.

नाझर पन्नाशीचा, चष्मेवाला, शांत माणूस. पत्रक समोर ठेवून त्यावर काचेचा गोळा ठेवला होता. सदूकाका भिंतीला टेकून उकिडवा बसलेला. डबा बाजूला. ताटीवरून पाणी ठिबकत होते, टप्, टप्.

"या, लेखक."

"आकडा माझा आहे," मी म्हणालो. "घागरी मी मोजल्या."

"कुठून?"

"बाहेरच्या कडुनिंबाखालून."

"दिवसभर?"

"दिवसभर."

"मागच्या खिडक्या त्या कडुनिंबाखालून दिसतात?"

मागे खिडक्या किती आहेत हेही मला ठाऊक नव्हते.

"साहेब," सदूकाका बसल्या जागेवरून म्हणाला, "पोट्टं खोटं बोलून राहिलं. मी मोजल्या."

नाझराने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सदाशिव, अकरा वर्षं झाली तुला इथं. मी काही राक्षस नाही. पण मला वर काहीतरी लिहून द्यावं लागेल. तू एवढंच म्हण, की मोजण्यात चूक झाली. मी लिहितो, तू अंगठा दे. ताट्या तुझ्याकडेच राहतील. आणि संध्याकाळच्या कावडीचं मी आजवर काही विचारलेलं नाही. पुढेही विचारणार नाही."

म्हणजे त्याला कावड माहीत होती. सगळी गल्ली त्या एका वाक्यावर येऊन थांबली. गोविंदाची बाळंतीण सून, म्हातारी माणसे, मागाखालची ओली फडकी, आमची डाळ.

सदूकाका विचार करत होता. तो विचार करत असताना बाहेर ताट्यांवर पाणी मारायला कोणी नव्हते. ठिबकणे थांबले. वास हळूहळू कमी झाला. ताटीतून येणारा वारा आधी कोमट, मग गरम झाला. नाझराच्या कपाळावर घाम आला, पण तो पुसायला त्याने हात उचलला नाही. पलीकडच्या खोलीतून एक कारकून ओरडला, "अरे, पाणी मार ना बे!" कोणी हलले नाही.

"म्हना ना, काका," मी म्हणालो. पुरावा द्या म्हणून शिकलेला मी, आपलाच पुरावा खोटा ठरावा म्हणून एका म्हाताऱ्यापुढे गयावया करत होतो.

त्याने माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. ताण्यात धागा चुकला की पाहायचा, तसे.

"साहेब, बाकी कायबी लिवा. सदूनं पानी चोरलं लिवा, अंगठा देतो. मोजन्यात चुकलं, हे नाही लिवता येत."

"अरे, कोणाचं चुकत नाही?"

"चुकते ना. चुकलं असतं तं सांगतलं असतं. चुकलं नाही नं जी. गाठी दोनदा पाहिल्या म्या."

नाझराने काचेचा गोळा उचलला आणि पत्रकाची घडी घातली. मग म्हणाला, "मग उद्यापासून येऊ नको."

बाहेर ऊन आदळले. फाटकाशी वळून सदूकाकाने मागे पाहिले आणि म्हणाला, "मागची ताटी पार सुकली. कोनाले तरी सांगा लागंन." मग चालू लागला.

गल्लीत आमच्या आधी बातमी पोचली होती. पार्बताकाकू दारात उभी होती. तिने नवऱ्याला काही विचारले नाही. मला म्हणाली, "आकडा हाय न तुह्यापाशी? शिजव मंग त्याच्यात डाळ." आणि आत गेली. त्यानंतर चार दिवस तिने माझ्याकडे पाहिले नाही. आईने घरातली मोठी घागर आणून माझ्या हातात दिली. "जाय. एवढा लिवनारा हायेस, तं घागरभर लिवून आन."

कचेरीच्या फाटकाला नवे कुलूप लागले. माझ्या पत्रकाचा गावात झालेला एवढा एकच बदल. वरच्या साहेबांकडे मी अर्ज पाठवला होता. अर्ज पोचल्याचे उत्तर आले, छापील. त्यावर माझे नावही चुकलेले. विहीर लोकांना खुली करा, ही माझी मागणी होती आणि ती आजही बरोबर आहे. मी ती मागे घेत नाही. पण बरोबर असण्याने त्या आठवड्यात एक तांब्याही भरला नाही.

मग नदी. अडीच मैल. उन्हाळ्यात नदी म्हणजे रेती, आणि रेतीत हाताने उकरलेले झिरे. पाणी बोटभर साचायची वाट पाहत बसायचे, करवंटीने उपसायचे. मी कावड घेतली. पहिल्याच दिवशी खांदा सोलून निघाला आणि अर्धे पाणी वाटेत सांडले. दुसऱ्या दिवशी सदूकाका माझ्याबरोबर आला. मी बोलावले नव्हते.

"उड्या काहून मारतं? पाय घासून चाल. मंग पानी हालत नाही."

"सदूकाका, चुकलं माह्यं."

"खांदा बदल पहिले. तठी वळणावर बदलला तं सांडते."

एवढेच. माफी त्याने घेतलीही नाही, परतही केली नाही.

त्या दिवसांतली सगळ्यांत भयंकर गोष्ट ऊन नव्हती. पहाट होती. नदीचे पाणी पिण्यालाच पुरेना, मागाखाली कोण शिंपडणार? सूत तुटू लागले, आणि तुटलेले जोडून जोडून एकेकाने माग थांबवला. एक दिवस पहाटे जाग आली आणि काहीच ऐकू आले नाही. माझा जन्म त्या आवाजात गेला. मी अंथरुणात पडून एखादा तरी माग सुरू होईल म्हणून कान देत राहिलो. चुलीपाशी आई बसली होती. कोणाचे तुटले, हे सांगायला तिच्याकडे काही नव्हते.

चौथ्या दिवशी कचेरीचा शिपाई गल्लीत आला. ताट्यांवर बाहेरून आणलेला माणूस उन्हाने दोन दिवसांत पळाला होता. नाझराचा निरोप होता, कोष्टीपुऱ्यातला कोणीही यावा, सदाशिव सोडून. संध्याकाळची कावड पहिल्यासारखी.

शिपाई गेला. दारे उघडी होती, माणसे दारात होती, पण कोणी ओट्याखाली पाय टाकला नाही. गोविंदा खांबाला टेकून म्हणाला, "सदूच्या जागी कोन जाईन बावा?" सदूकाका स्वतः म्हणाला, "जा ना गा कोनी. मी काय म्हन्तो का?" तरी कोणी हलेना. संध्याकाळी गोविंदाच्या घरातून तान्ह्या पोराच्या रडण्याचा आवाज येत होता. त्या रडण्यात जोर नव्हता. सुनेला दूध येईनासे झाले होते, हे बायका एकमेकींना हळू आवाजात सांगत होत्या. सगळी गल्ली ते ऐकत बसली होती, आणि सगळी गल्ली एकमेकांच्या दाराकडे पाहत होती.

पाचव्या दिवशी सकाळी पार्बताकाकू आमच्या दारात आली.

"तू जाय."

"मी?"

"तुह्यानं गेलं. आता तुह्यानंच येऊ दे."

"काकू, मी तिथी पाणी मारू? त्या ताट्यांवर?"

"काहून? हात झिजते काय लिवनाऱ्याचे?"

तिच्या मागे सदूकाका उभा होता. मला वाटले, तो तिला थांबवील. तो म्हणाला, "वरून मारजो. खालून मारलं तं वाळा कुजते. आन मागच्या बाजूनं सुरू करजो, तिकडं ऊन आधी येते."

मी गेलो. नाझर मला पाहून हसला असता तर बरे झाले असते. तो हसला नाही. म्हणाला, "एकच सांगतो. मोजायचं नाही." मी मान हलवली.

दोर खेचला, घागरी भरल्या, डबा उचलला. पहिले पाणी ताटीवर मारले तेव्हा आतून कोणीतरी म्हणाले, "हां! आता आलं वारं." माझ्या पाठीवर ऊन होते, आणि समोर तोच वास, जो लोकांना आवडतो. मी पाणी मारत गेलो. गवताला पाणी. पायाखालून ते मातीत जिरत होते आणि मी त्यावर पाय ठेवून पुढच्या खिडकीकडे जात होतो. मोजायचे नाही असे ठरवले होते. पण डोके ऐकेना. एक, दोन, तीन. दुपारी डोळ्यांपुढे काजवे चमकले, बोटांना डबा धरवेना, तरी आकडा तुटला नाही.

कचेरी बंद होताना मी शेवटची ताटी ओली करत होतो. आतून नाझराचा आवाज आला. माणूस दिसत नव्हता, ओल्या वाळ्यामागून फक्त आवाज.

"किती झाल्या रे?"

आकडा जिभेवर होता.

"मोजल्या नाहीत, साहेब."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

शिपायाने विडी पेटवायला तोंड फिरवले. मी कावड भरली, पाय घासत गल्लीत आणली. वळणावर खांदा बदलला नाही. पहिली घागर गोविंदाच्या घरी गेली. दुसऱ्या खेपेला म्हाताऱ्यांकडे. तिसऱ्या खेपेचे पाणी सदूकाकाच्या ओट्यावर उतरवले, आणि तो प्रत्येकाच्या भांड्यात ओतू लागला. कमी नाही, जास्त नाही. माझा तांब्या सर्वांत शेवटी आला. गल्ली आत गेल्यावर त्याने हळूच विचारले,

"मोजल्या का?"

मी आकडा सांगितला. त्याने मनाशी काहीतरी जुळवले.

"माह्याहून कमी हाय. दुपारी हात ढिला पडला असंन."

"हो."

"नाझरानं इचारलं?"

"इचारलं."

"काय सांगतलं?"

"मोजल्या नाही म्हणून सांगतलं."

त्याने माझा तांब्या भरला. काठोकाठ. थेंबभरही सांडू न देता माझ्या हातात दिला आणि म्हणाला,

"मंग टिकन तुह्यं काम."